आबांच्या हौदातला चुना

आमच्या घरात उडदाची डाळ आधी चुन्याला मिळायची आणि मग माणसांना. माझे वडील मशिदी, दर्गे आणि कमानी बांधणारे गवंडी. लोक त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या कामाचा चुना म्हणजे नुसता चुना आणि वाळू नसे. त्यात उडीद भिजवलेलं चिकट पाणी जाई, गुळाचं पाणी जाई, बेलफळाचा गर जाई, हिरडा कुटून जाई. हे सगळं माय चुलीपाशी बसून तयार करायची आणि पाणी काढून घेतलेल्या त्याच उडदाचं आमच्यासाठी घुटं शिजवायची. लसणाची फोडणी द्या, लाल मिरची घाला, त्यातला जीव आधीच निघून गेलेला असे. "चांगलं चांगलं बठ्ठं तो चुना खाई जास, नि आपले चोथा," असं माय रोज म्हणायची आणि रोज तेच वाढायची. सोबत कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा म्हणून निभावलं. अजूनही कुणाकडे उडदाची डाळ पानात आली, की मला एखाद्या भिंतीच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाटतं.

वडिलांना आम्ही अब्बा म्हणायचो आणि आईला माय. आमचं घर कसं होतं ते यातच आलं. नमाज अरबीत, भांडण अहिराणीत, आणि घरातून शाळेत गेलेली मी पहिलीच, म्हणून माझे पाढे तेवढे मराठीत. जळगावात मेहरूणच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं घर होतं. मागे मोठं आवार, आवारात चुन्याची भट्टी, आणि तिच्या बाजूला घाणी. तेलाची नव्हे, चुन्याची. दगडी गोल चरात बैल जोडलेलं दगडी चाक फिरायचं आणि त्याखाली चुना, वाळू, विटकरीचा चुरा रगडला जायचा. त्या चाकाची घरघर आणि बैलाच्या गळ्यातली घंटा हे आमच्या घराचं घड्याळ. घाणी थांबली की माय म्हणायची, "जेवाले उठा." गिरणेच्या पात्रातून गाडीने चुनखडी यायची, भट्टीत भाजली जायची आणि मग पाण्यात पडली की अशी चुरचुरायची, उसळायची, वाफ सोडायची, की आम्ही पोरं लांब पळून उभी राहायचो. आमच्या अंगाला, केसांना, गोधड्यांना सगळीकडे तो पांढरा वास असे.

आवाराच्या कोपऱ्यात, कडुनिंबाच्या सावलीत, आबांचा हौद होता. आबा म्हणजे अब्बांचे वडील. माझ्या जन्माच्याही आधी त्यांनी त्या हौदात चुना भिजवून ठेवला होता. चुना जितका जुना तितका चांगला, हे चुन्याच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. आबा मला मांडीवर घेऊन सांगायचे, "नवा चुना रागीट ऱ्हास. त्याले निजू दे. जितला निजी, तितला गुनी व्हयी." ताज्या चुन्याच्या पोटात न भिजलेले कच्चे कण राहून जातात. तो घाईने भिंतीवर चढवला की वरून गुळगुळीत दिसतो, पण भिंतीतला ओलावा हळूहळू त्या कणांपर्यंत पोचतो, ते आतल्या आत फुगतात आणि गिलाव्याला फोड येऊन खपल्या पडतात. वर्षानुवर्षं पाण्याखाली झोपलेल्या चुन्यात असे कण उरत नाहीत. तो लोण्यासारखा होतो. आबांच्या हौदातला चुना मोहल्ल्यात बांधायच्या नव्या मशिदीसाठी होता, आणि मशिदीतही फक्त मेहराबीसाठी, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतल्या त्या कमानदार कोनाड्यासाठी, जिथे इमाम पुढे उभा राहतो. मशीद बांधायला पैसा जमेल तेव्हा जमेल, चुना तोवर पिकेल, असा आबांचा हिशेब. मरताना त्यांनी अब्बांकडून तसा शब्दच घेतला.

हौदावर पाण्याचा थर कायम राहिला पाहिजे, नाहीतर चुना वाळून मरतो. ते पाणी घालायचं काम माझं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, घागर उचलायची आणि हौद पाहायचा. लहानपणी ते ओझं वाटे. मोठी झाले तशी मी त्या हौदाची राखणदारच झाले. दुसऱ्या कुणी त्यात हात घातलेला मला खपत नसे. आबांनी मला आणखी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे त्यांची गारगोटी. नदीतला चपटा, दुधी रंगाचा दगड, तळहातात बरोबर बसणारा. चुन्याचा शेवटचा पातळ हात दिला, की तो वाळायच्या आत त्यावर शिरगोळ्याची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाची, पूड टाकून ह्या दगडाने घोटत राहायचं. दाबायचं नाही, रेटायचं नाही, नुसतं फिरवत राहायचं. खांदा भरून येतो, बोटं सुजतात, आणि मग कधीतरी भिंत चमकायला लागते. आणखी घोटलं तर तीत आपलं तोंड दिसतं. घरच्या ओट्यावर, कोनाड्यांवर, माय जिथे जिथे बसू देईल तिथे मी घोटाई करून करून शिकले. चुलतभाऊ युसूफ माझ्याहून मोठा, पण त्याला धीर नव्हता. त्याची भिंत नेहमी ठिपक्याठिपक्यांची व्हायची. अब्बा त्याला म्हणायचे, "भाकर थापी ऱ्हायना का भिंत घोटी ऱ्हायना?"

शेवटी मशिदीचं काम निघालं. तेव्हाचे अब्बा आठवले की आजही माझा राग क्षणभर विसरायला होतो, म्हणून ते इथे लिहूनच टाकते. घुमट बांधताना इतर गवंडी खाली लाकडांचा मांडव उभारतात. अब्बा मांडव घालत नसत. मधोमध एक खांब, त्याला खुंटी, खुंटीला दोरी. दोरीचं टोक जिथे पोचेल तिथे वीट, आतल्या बाजूला किंचित कललेली. एक कडं पुरं झालं की ते आपल्याच विटांच्या आधाराने उभं राहतं, मग त्यावर दुसरं, जरा लहान. चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसतो ते त्यांनी मला जेवणाच्या ताटावर शिकवलं होतं. भाकरीचा चौकोनी तुकडा काढला, त्याचे चार कोपरे मोडून आठ केले, आठाचे मोडून गोल केला, आणि मग म्हणाले, "आते खाई टाक, धडा संपना." घुमटाचं शेवटचं तोंड मिटलं त्या दिवशी रस्त्यावर हिंदू-मुसलमान सगळे माना वर करून उभे होते. खाली काहीही टेकू नव्हता. अब्बा वरून उतरले तेव्हा त्यांच्या दाढीत चुना होता आणि मला वाटलं, जगात ह्या माणसाला न येणारं काही नाही.

त्याच दिवशी ते मला म्हणाले, "मेहराब तू घोटशी. ती साधनी ते धुयानी मोठी मशिद बी तुनाच हातनी." धुळ्यात एक मोठी मशीद बांधायचं घाटत होतं आणि ते काम अब्बांकडे येणार होतं. बाईने मशिदीत काम करायचं म्हणजे काय, अशी कुजबुज झाली. पण आमच्यात एक चाल होती. पहिली नमाज होईपर्यंत ती जागा नुसतं बांधकाम, तोवर गवंड्याच्या घरच्या बायका आत घमेली वाहतात, घोटाई करतात, काही हरकत नाही. पहिली नमाज झाली की ती मशीद. त्यानंतर आमच्याकडच्या बायका उंबऱ्याबाहेर. मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे कारभार पाहणारे नाना, भले गृहस्थ होते. त्यांनी ह्याच चालीवर बोट ठेवलं आणि कुजबुज बंद केली. मी तर तेव्हापासून धुळ्याच्याच गोष्टी करायला लागले. मायला सांगितलं होतं, धुळ्याला जाताना मला नवी ओढणी लागेल.

त्याच सुमारास एका मारवाडी शेठजींची हवेलीही अब्बांच्याच हातून उठत होती. राजस्थानातून आलेलं घराणं, कापसाचा व्यापार, पुढे मोठी जिनिंग बांधायचा बेत. रेल्वेने सिमेंटची पोती येऊ लागली होती आणि कुणीतरी इंजिनिअर शेठजींना सांगत होता की चुना आता इतिहासजमा. अब्बांची झोप उडाली होती. शेठने सिमेंट घेतलं की बाकीचे शेठही तेच घेणार, हे त्यांना दिसत होतं. घरात ते घाणीच्या कठड्यावर बसून नुसते बैलाकडे पाहत राहायचे. मला त्यांची फार दया यायची.

अशात बोदवडच्या मामांकडे लग्न निघालं. मायला घर सोडता येईना, म्हणून मला पाठवायचं ठरलं. एरवी पोरीला कुठे पाठवायचं म्हटलं की शंभर कारणं सांगणारे अब्बा ह्या वेळी स्वतः मला स्टेशनवर सोडायला आले. वाटेत त्यांनी मला हिरव्या बांगड्या भरवल्या, फडक्यात मेहरूणची बोरं बांधून दिली आणि म्हणाले, "घाई करू नको. ऱ्हाय आरामबन." मी म्हटलं, हौदाचं पाणी कोण पाहील? ते हसले. "मी शे ना." गाडी सुटेपर्यंत ते खिडकीशी उभे होते. मी रस्ताभर त्या बांगड्यांकडे पाहत गेले. बोदवडला मी मनसोक्त राहिले, भरीत खाल्लं, गाणी म्हटली, आणि मामेबहिणींना माझ्या अब्बांसारखे अब्बा नाहीत म्हणून त्यांची कीव केली. त्या बांगड्यांची आठवण आली की आजही हाताला काहीतरी चिकटल्यासारखं होतं.

परत आले ती थेट हौदाशी गेले. पाणी काठोकाठ, खाली पांढरं शुभ्र. मेहराबीचं काम सुरू व्हायचंच होतं. पहिला गोळा हातात घेतला आणि माझी बोटं थबकली. वरचा थर नेहमीसारखा होता, पण जरा खालचा चुना नखाखाली किंचित खरखरला. मी अब्बांना दाखवला. त्यांनी तो बोटांत घेतला, चोळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गरमीना फरक शे. गाळीसन घे." मी मलमलीतून गाळून घेतला. बारा महिने तेरा काळ ज्या चुन्यावर मी पाणी घातलं होतं, त्याला माझ्या बोटांनी ओळखलं नव्हतं, आणि बाप म्हणत होता की बोटंच चुकली. बापावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

मेहराब झाली. अशी झाली की नाना आत आले आणि नजरेने जोड शोधायला लागले. कमानीच्या टोकापासून खालपर्यंत एकही जोड दिसत नव्हता, आणि सकाळच्या उजेडात दारातून येणारा माणूस तीत धूसर दिसत होता. मी शेवटचा हात फिरवला, गारगोटी ओढणीत बांधली आणि उंबरा ओलांडून बाहेर आले. पहिल्या नमाजेला आम्ही बायका बाजूच्या गल्लीत भिंतीला पाठ लावून उभ्या होतो. आतून आमीनचा आवाज आला तेव्हा माय रडली आणि माझा हात दाबून धरला. आत माझं काम होतं आणि ते मी पुन्हा कधी पाहणार नव्हते, पण त्याचं मला काहीच वाटलं नाही. डोळ्यांपुढे धुळं होतं.

पावसाळी हवा सुरू झाली आणि एके दिवशी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी पडद्याआड चहा करत होते.

"उस्ताद, मेहराबवर फोड उठनात," ते म्हणाले. "खपल्या पडी ऱ्हायन्यात. लोके इचारतस, काय सांगू?"

अब्बांचा आवाज आला, "काय सांगू नाना. चुना आबाना, काम मनं. पन घोटाले आंडेर बसाडी, तठे चुकनं. बाईना हात लागाले नको व्हता."

आंडेर म्हणजे लेक. नाना हळू आवाजात म्हणाले, की मग धुळ्याला तरी तिला नेऊ नका, तिकडचे लोक ऐकून घेणार नाहीत. अब्बा म्हणाले, नाही नेणार, युसूफला नेतो. चहा उतू गेला. मला मशिदीत जाऊन पाहताही येईना. पहिली नमाज झालेली होती. लोक आत जाऊन माझ्या हाताचे फोड मोजून येत होते आणि मी तेवढी बाहेर. कित्येक दिवस मी स्वतःचे तळवे पाहत बसायचे. हाताला घाम येतो का? माझ्यात काही वाईट आहे का? त्या वयात बापाने सांगितलेलं खोटं असू शकतं हे डोक्यात यायला फार वेळ लागतो.

ते डोक्यात आणून दिलं काशीअक्काने. ती आमच्याकडे घमेली वाहायची, मायची मैत्रीणच. मशिदीबाहेर टाकलेल्या कचऱ्यातून तिने एक खपली उचलून पदरात आणली. "पोरी, हाई देख." मी खपली उलटी केली. मागे वाटीसारखा खड्डा आणि खड्ड्याच्या तळाशी, मलमलीतूनही निसटलेला, एक पांढरा भुसभुशीत कण. कच्चा चुना. आबांनी सांगितलेला तो रागीट कण. आबांच्या हौदात तो असणं शक्यच नव्हतं.

मी काशीअक्काकडे पाहिलं. तिने तोंडाला पदर लावला. "तू बोदवडले गयी व्हती ना, तव्हय हौद उपसा. गाडा भरीसन शेठना घर गया. मीच घमेलं भरी दिधं. हौदमां नवा चुना टाका नि वर जुनाना थर दिधा. उस्तादनी सांगं, पोरीले बोलानं नही."

दिवाळीला शेठजींची हवेली लोकांना पाहायला खुली होती. मी काशीअक्काबरोबर गेले. बैठकीची भिंत मी दारातूनच ओळखली. तिच्यात माझं तोंड दिसत होतं, कपाळावरच्या बटेसकट. शेठाणी हौसेने सगळ्यांना दाखवत होत्या. मी गवंड्याची मुलगी आहे कळल्यावर तर त्या मला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या. "तुझ्या वडिलांनी सांगितलं, असा चुना आता कुणाकडे उरला नाही. त्यांच्या वडिलांनी भिजवलेला. म्हणाले, शेठाणीबाई, घरची ठेव तुमच्या भिंतीला लावली. आमच्या शेठनी तिथल्या तिथे जिनिंगचं काम त्यांना देऊन टाकलं." मी भिंतीवर तळहात ठेवला. गार होती, लोण्यासारखी होती. लहानपणापासून रोज एक घागर.

दुपारी अब्बा जेवायला बसले होते. पानात घुटं आणि भाकरी. मी समोर बसले आणि ती खपली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"अब्बा, आबाना चुना शेठना घर गया का?"

ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते. "गया."

"मंग नानाले काबर सांगं नही?"

"काय सांगू? मशिदले कच्चा चुना लावा, आसं? मंग कोन काम देई माले? बठ्ठा सिमेंटकडे जातीन."

"आनी मनं नाव काबर लिधं?"

"तुनं काय जास?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट समजावत होते. "तू आंडेर शे. उद्या परका घर जाशी. मनं नाव गयं ते चूल बंद."

"आनी अल्लानं घर? आबाले दिधेल शबद?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "अल्ला माफ करस," ते म्हणाले. "शेठ नही करस."

माय चुलीशी होती. तिने मान वर केली नाही. तिला आधीपासून माहीत होतं, हे मला त्या न हललेल्या मानेवरून कळलं, आणि ते कळणं जास्त लागलं.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ म्हातारी आहे. चुन्यावरच ज्याचं पोट, त्या माणसाला सिमेंटची किती भीती वाटत असेल ते मला कळतं. लोक म्हणतात, कळलं की माफ करता येतं. मला नाही आलं. शेठला त्यांनी आबांचा चुना दिला, त्याचं दुःख एकवेळ मी गिळलं असतं. विचारलं असतं तर स्वतः उपसून दिला असता. पण त्यांनी माझा हात दिला. मला दूर पाठवून, बांगड्या भरून, नीट विचार करून दिला.

धुळ्याला निघायच्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी उभी होती. युसूफ नव्या सदऱ्यात, थापी आणि ओळंबा पोत्यात बांधलेले. घाणीचा बैल गाडीला जुंपला होता म्हणून आवार चिडीचूप होतं. अब्बा आत आले आणि कोनाडे चाचपायला लागले. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आबानी गारगोटी कोठे शे?"

"मनाजोडे शे."

"दे. मेहराब घोटानी शे धुयाले."

मी ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. दगड तळहातावर घेतला, त्यांना दिसेल असा धरला आणि मूठ मिटली.

"तिले आंडेरना हात लागेल शे, अब्बा. मशिदना कामले चालाव नही."

त्यांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. बाहेरून युसूफने हाक मारली. अब्बांनी हात मागे घेतला, सदऱ्याला पुसला आणि गाडीत जाऊन बसले. गारगोटी त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही.

मेहराबीला पुढे फरशा लावल्या, असं ऐकते. मी अर्थातच पाहिलेल्या नाहीत. गारगोटी इथे माझ्या टेबलावर असते, आणि नातवंडं तिने बदाम फोडतात.